‘आपोआप’ येणारं गणित

एप्रिल संपत आला की मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘त्याला गणित नकोय, मग आम्हीही मागे लागत नाही. वेळ आली की येईल आपोआप.’ बोलणाऱ्याचा चेहरा कमालीचा शांत असतो. शाळेतून मुलाला सोडवलं, आता गणितातूनही सोडवलं. आणखी काय हवं? समोरच्यानं यावर मान डोलवायची असते. कुणी चुकून विचारलंच की ‘अहो, पण दिवाळीत जमणारा भागाकार आता अडतोय ना?’, तर विचारणाऱ्याकडे छडी घेऊन आलेल्या मास्तरकडे बघावं तसं बघितलं जातं.

छडी माझ्याकडे नाही. पण मान डोलवणंही मला जमत नाही.

हे मत आधी पुरतं ऐकून घेऊ. मूल जन्मजात जिज्ञासू असतं. मातृभाषा ते कुणी वर्ग न घेता शिकतं, तसंच गणितही शिकेल. बाजारहाट, स्वयंपाक, क्रिकेटचा धावफलक यांत हवं तेवढं गणित भरलेलं आहे. भीती निर्माण करते ती सक्ती. सक्ती काढा, भीती जाईल. उन्हाळा तर हक्काच्या सुट्टीचा. त्या दिवसांत नावडत्या विषयाची वही पुढे ठेवायची म्हणजे ज्याला कंटाळून शाळा सोडली तेच मागच्या दारानं घरात घ्यायचं. शिवाय आता फोनला विचारलं की उत्तर हजर. आणि मूल स्पष्ट ‘नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या ‘नाही’चा मान राखायला नको?

ऐकायला गोड आहे. सुट्टीपासूनच सुरुवात करते, कारण तिथला विनोद सगळ्यात मोठा आहे.

वर्षभर हेच पालक सांगतात की आमच्या घरी शिकणं आणि जगणं वेगळं नाही. घंटा नाही, तास नाहीत, वेळापत्रक नाही. छान. मग सुट्टी कशातून? ज्याला शाळाच नाही त्याला मे महिन्याची सुट्टी दिली कुणी? शेजारची पोरं दिवसभर हुंदडतात, मामाच्या गावाला जातात, आपल्या मुलालाही जावंसं वाटतं, हे समजण्यासारखं आहे. जाऊ दे की. पण त्याच मे महिन्यात पोहणं चालू असतं, गिटार चालू असते, किल्ल्यांवरची शिबिरं चालू असतात. सुट्टी मिळते एकट्या गणिताला. पोहायला जाताना मूल कुरकुरलं तर ‘एकदा पाण्यात उतर, मग मजा येते’ म्हणत आपण त्याला तलावावर नेतोच. त्या वेळी त्याच्या ‘नाही’चा मान कुठे जातो? दात घासायला नको म्हणणाऱ्या मुलाच्या मताचा आदर कुणी केल्याचंही माझ्या ऐकिवात नाही.

आता ‘भाषा येते तसं गणित येतं’ याबद्दल. बोलणं येतं, कारण मूल जागं असेपर्यंत त्याच्याभोवती लोक बोलत असतात. लिहिणं तसं येत नाही, ते शिकवावं लागतं. आकडेमोडीची जात लिहिण्याची आहे. शून्यासह आकडेमोड कशी करायची याचे नियम ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये लिहून ठेवले. दशमान लेखन युरोपात सर्रास रुळायला त्यानंतरही आठ-नऊशे वर्षं गेली. व्यापार करणारे, देवळं आणि चर्चं बांधणारे, ग्रहणं वर्तवणारे लोक होते ते. रोजच्या जगण्यात त्यांना गणिताची काही कमी नव्हती. तरी त्यांना जे आपोआप सुचलं नाही, ते आपल्या बंड्याला आमरसाची वाटी पुढे असताना सुचणार आहे?

बाजारहाटाचा मुद्दा जास्त गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. तेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमन यांनी या मुलांना आधी गिऱ्हाईक बनून हिशेब विचारले आणि मग तीच गणितं कागदावर घातली. बाजारात ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. कागदावरच्या नुसत्या आकड्यांत ३७ टक्के. आपल्याकडे हा अभ्यास ‘बघा, शाळेपेक्षा बाजार बरा’ असं म्हणत सांगितला जातो आणि गोष्ट तिथेच संपवली जाते. पुढचं कुणी सांगत नाही. त्यातल्या बारा वर्षांच्या एका मुलाला दहा नारळांची किंमत विचारली होती, एक नारळ ३५ ला. त्यानं तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तीन घेऊन २१० केले, आणखी तीन मिळवून ३१५ आणि शेवटचा एक मिळवून ३५० वर आला. उत्तर अचूक, डोकं तल्लख. पण दहानं गुणायचं तर नुसतं एक शून्य पुढे द्यायचं असतं, हे त्याला नारळ विकूनही सापडलं नव्हतं. बाजारानं त्याला बाजारापुरतं शिकवलं होतं.

याच प्रश्नावर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या हजारावर मुलांना तपासलं. २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष तोच आहे : बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या साध्या भागाकारापाशी अडतात. उलटही खरं निघालं. शाळेत जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब धड जमेना. म्हणजे इकडचं ज्ञान आपल्या पायांनी तिकडे चालत जात नाही, कुणीतरी मुद्दाम न्यावं लागतं. ते ‘कुणीतरी’ शाळेत नसेल, तर ते घरात असायला हवं, आणि घरातल्यांनी तर ‘आपोआप’ म्हणून हात वर केलेत.

आणि कुठला बाजार हो? ती मुलं पोटासाठी माल विकत होती, चूक झाली तर पैसे खिशातून जात होते. आपलं मूल भाजीवाल्याकडे आपल्याबरोबर उभं असतं, आपण कोड स्कॅन करतो, टपरीवरचं यंत्र ‘सत्याऐंशी रुपये प्राप्त हुए’ असं ओरडतं आणि आपण निघतो. शंभराची नोट नाही, सुट्टे तेरा रुपये मोजून घेणं नाही, ‘एक रुपया नाही, चॉकलेट घ्या’ हेसुद्धा नाही. पावशेर, दीडपाव हे शब्द कानावर पडायचे तेही गेले, काट्यावर ग्रॅम आणि किंमत दोन्ही झळकतात. या बाजारातून मुलाला अपूर्णांक येतील म्हणणाऱ्यानं एकदा मंडईत उभं राहून तिथे नेमकं कोण किती हिशेब करतंय ते बघून यावं.

अमेरिकेतल्या एका प्रयोगाचा दाखलाही या मंडळींच्या ओठांवर असतो. लुई बेनेझेट हे न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहराचे शाळा-अधीक्षक. १९२९ च्या सुमाराला त्यांनी काही वर्गांत सहावीपर्यंत औपचारिक अंकगणितच काढून टाकलं आणि तरीही पुढे ती मुलं मागे राहिली नाहीत. ‘बघा! पाच वर्षं काही केलं नाही तरी काही बिघडलं नाही.’ बेनेझेटनी १९३५-३६ मध्ये लिहिलेले लेख यांनी वाचलेत की नुसतं नाव ऐकलंय? त्या वर्गांत रोज शिक्षिका होती. मुलं उंचीचे, अंतराचे, वेळेचे अंदाज बांधत होती, मग मोजून ताडून बघत होती. वाचत होती आणि वाचलेलं आपल्या शब्दांत सांगत होती. आणि सहावीत पद्धतशीर अंकगणित सुरू झालं, तेही नीट शिकवून. याला ‘काही केलं नाही’ म्हणायचं असेल, तर मग माझं काही म्हणणंच नाही. एवढं ‘काही न करणं’ आपल्या घरी रोज होऊ दे.

दुसरा लाडका दाखला मुंबईच्या मुलीचा. शाळा सोडून घरी शिकली, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही, तरी २०१६ साली एमआयटीत प्रवेश मिळाला. खरी गोष्ट आहे, कौतुकाचीही आहे. पण तिला प्रवेश मिळाला तो संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधल्या पदकांवर, आणि ती पदकं मोकळं सोडलेल्या मुलाला झाडावरून पडून मिळत नाहीत. तिच्या आईनं घरी अभ्यासक्रम आखला होता, पुढे चेन्नईच्या गणित संस्थेत तिनं वरच्या पातळीचं गणित केलं. तिचं उदाहरण देऊन गणित सोडायची परवानगी मागणं हा प्रकार तर्काच्या कुठल्या खात्यात टाकायचा ते मला ठरवता आलेलं नाही.

विसरण्याचा मुद्दा तर बैठकीत निघतच नाही. वाचन सुट्टीतही चालू राहतं. बसची पाटी, बिस्किटाचा पुडा, सिनेमाची उपशीर्षकं काही ना काही वाचायला लावतात. दोन अपूर्णांकांचा समच्छेद करायला मात्र मे महिन्यात कुणीच लावत नाही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अमेरिकेतल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सुट्टीनंतर मुलं साधारण महिनाभराच्या शिकण्याइतकी मागे गेलेली दिसली, आणि सगळ्यात मोठा फटका होता आकडेमोडीला. पुढे या आकड्यावरून संशोधकांत वाद झाले, सगळ्यांनाच घट तेवढी दिसली नाही. होऊ देत वाद. सरासरी मूल आपल्या घरात राहत नाही. आपल्या घरात जे राहतं, त्याला मार्चमध्ये काय येत होतं आणि जूनमध्ये काय येतं, एवढं बघायला कुठलाही अभ्यासगट बसवावा लागत नाही.

‘पण शाळेतल्यांना तरी कुठे येतंय?’ हा शेवटचा बाण. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतात पाचवीतल्या जेमतेम चारांतल्या एकाला भागाकार जमला, हे खरं आहे. पण शाळा शिकवत नाही म्हणून तुम्ही बाहेर पडलात ना? मग त्याच शाळेचं अपयश आता तुमची उत्तीर्णतेची रेघ कसं झालं? मुक्त विद्यालयाच्या दहावीला गणित सक्तीचं नाही, तो विषय वगळूनही पास होता येतं, असंही कुणीतरी हळूच सांगतं. येतं. पण सोळाव्या वर्षी त्या मुलाला विमानाची, हवामानाची किंवा शेअर बाजाराची आवड लागली, तर तेव्हा बंद झालेलं दार त्यानं बंद केलेलं नसेल. ते तुम्ही त्याच्या दहाव्या वर्षी, त्याच्या स्वातंत्र्याच्या नावानं बंद केलेलं असेल.

फोनबद्दल तीन वाक्यंच पुरेत. यंत्र उत्तर देतं. उत्तर चुकीच्या प्रश्नाचं आहे हे ओळखायला बघणाऱ्याला अंदाज लागतो. तो अंदाज हातानं गणितं केल्याशिवाय येत नाही.

आता मुळाशी येऊ : ‘त्याला आवडत नाही.’ ही आवड-निवड नावाची गोष्ट आपण कारल्याच्या भाजीवरून उचलली आणि गणिताला चिकटवली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ‘गणित’ आवडत नाही असं क्वचितच असतं. त्याला एका ठरावीक ठिकाणी काहीतरी कळेनासं झालेलं असतं, आणि ते ठिकाण कोणतं हे त्याला सांगता येत नाही, म्हणून ते सगळ्या विषयालाच ‘नको’ म्हणतं. अपूर्णांकांवर वैतागलेल्या मुलाला पाच षष्ठांशातून तीन अष्टमांश वजा करायला द्या आणि तोंडातून अवाक्षर न काढता नुसते बसा. बहुतेक वेळा पेन्सिल अपूर्णांकापाशी अडत नाही. ती आठाच्या पाढ्यापाशी अडते. सहा आणि आठ दोघांच्याही पाढ्यात येणारा चोवीस त्याला दिसत नाही, मग तो अठ्ठेचाळीसकडे धावतो, तिथे मोठे आकडे, तिथे हातचा विसरतो, आणि वही मिटते. आपण निष्कर्ष काढतो : अपूर्णांकांचा कल नाही. दुखणं होतं तिसरीच्या पुस्तकात, आपण पट्टी बांधली पाचवीच्या.

किंवा तो अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहितो. वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. बेरीज चुकली असं ओरडू नका. अर्धी भाकरी घेऊन त्यात आणखी एक तृतीयांश टाकली तर ताटात अर्धीपेक्षा कमी भाकरी कशी उरली, एवढंच विचारा. काही मुलं हसतात, काही चिडतात, पण त्यानंतर दोन पंचमांश पुन्हा लिहिताना हात थबकतो. हा थबकणारा हात म्हणजे गणित शिकणं. तो बाजारात आपोआप मिळत नाही. समोर बसलेलं, घाई नसलेलं एक माणूस लागतं.

ते माणूस बहुतेक घरांत आईच असते, हेही लिहून टाकते. बैठकीत स्वातंत्र्यावर बोलणारे बाबा असतात आणि सकाळी मुलाशेजारी बसणारी आई. ‘सक्तीनं नातं बिघडतं’ हा युक्तिवाद ज्यांनी मुलाजवळ बसून एकही गणित सोडवलेलं नाही, त्यांच्याकडून मी सगळ्यात जास्त ऐकला आहे. नातं बिघडतं ते दीड-दोन तास छापील कागदांचे गठ्ठे सोडवायला लावल्यानं, चुकीवर लाल रेघ ओढल्यानं आणि ‘तुझ्या वयाचा अमका बघ’ म्हटल्यानं. तेवढं मी मान्य करते आणि पुढे जाते, कारण यातलं काहीही केल्याशिवाय उजळणी होते.

ती कशी? फार काही लागत नाही. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मुलाच्या इयत्तेच्या दोन इयत्ता खाली जा आणि जिथे ते न अडखळता जातं तिथून चढायला लागा. सकाळी ऊन चढायच्या आत वीस मिनिटं, घड्याळ लावून. वीस झाली की अर्धवट गणितावरही थांबायचं. एकाच जातीची पंचवीस गणितं नकोत. एक वजाबाकी, एक कंचेभागुबेववालं, एक लसावि, एक शाब्दिक उदाहरण, अशी मिसळ ठेवा. म्हणजे कुठली रीत लावायची हे त्यालाच ठरवावं लागतं, आणि खरी विस्मृती तिथेच असते. वेळ कोणती, बैठक गच्चीवर की स्वयंपाकघरात, आधी कोणतं गणित, हे सगळं मुलानं ठरवावं. करायचं की नाही, हे मात्र त्यानं ठरवायचं नाही. स्वातंत्र्याचा एवढा तुकडा त्याला पुरतो. पूर्ण भाकरी पेलायचं त्याचं वय नाही.

आणि सराव म्हणजे रटाळपणाच, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी देवळालीचे कापरेकर आहेत. डहाणूला १९०५ साली जन्मलेले, आयुष्यभर शाळामास्तर राहिलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. पदव्यांची रांग नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही, आकड्यांशी खेळण्याचं वेड मात्र असं की ६१७४ या संख्येला जगभर त्यांचं नाव लागलं. मुलाला सांगा, चार अंकी कुठलीही संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लाव, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा कर. उत्तराला पुन्हा तेच. कापरेकरांचं जन्मवर्षच घ्या : ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, ८१७२. पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ७६४१ वजा १४६७ बरोबर ६१७४. आता ६१७४ ला पुन्हा तेच करा, पुन्हा ६१७४ च येणार. कुठल्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. मुलाच्या लक्षात येईपर्यंत त्यानं हातच्याच्या सात वजाबाक्या केलेल्या असतात. ‘हे नेहमीच का येतं?’ असं त्यानं विचारलं, तर ज्या जिज्ञासेच्या नावानं गणित सोडायला निघाला होतात, तीच जिज्ञासा तुमच्यासमोर बसली आहे. ती वजाबाकीतून आली, वजाबाकी टाळून नव्हे.

म्हणून पुन्हा सांगते, आणि यात पाणी घालून सांगत नाही. मुलाला घरी शिकवायचा निर्णय म्हणजे शाळेची जबाबदारी आपल्या अंगावर घेणं. ती घेतल्यावर नावडत्या विषयापाशी आलं की ‘मुलाचा कल’ पुढे करून बाजूला होणं, याला तत्त्वज्ञान म्हणायची माझी तयारी नाही. तो आळस आहे, आणि कित्येकदा आपल्यालाच अपूर्णांक येत नाहीत ही भीती आहे. भीती असेल तर मुलाशेजारी बसून तुम्हीही शिका, त्यात कमीपणा नाही. आळस असेल तर तो मुलाच्या स्वातंत्र्याच्या खात्यावर मांडू नका.

यंदाचा मे अजून हातात आहे. उद्या सकाळी तिसरीचं पुस्तक काढा, आठाचा पाढा कुठे अडतो ते बघा, आणि वीस मिनिटांनी पोराला खेळायला सोडा. परवा पुन्हा.